लाल सुतळीचं पोतं आणि सात हिरडे

जुन्नरकडे कशाला गेला होतास असं कुणी विचारलं, की मी सांगायचो, हवापालटाला. खोकला होताच, त्यामुळे ते खपूनही जायचं. पण रात्रशाळेचे मास्तर म्हणाले, "भिंतीवरच्या अंकासाठी प्रवास लिहितोयस तर निघालास का तेही लिही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, तुला एसटीनं पळवून नेलं." म्हणून खरं कारण लिहितो.

मी बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहे. गाव माणदेशात. शाळा चौथीपर्यंत. मुंबईत येऊन पाच वर्षं झाली आणि तेवढ्यात सहा कामं झाली. हॉटेलात कपबशा विसळल्या, छापखान्यात कागद उचलले, गिरणीत बदलीवर उभा राहिलो. वर्ष झालं की माझे पाय शिवशिवतात. आई म्हणते, याला बूड दिलंय पण टेकायची अक्कल दिली नाही.

गोदामातला माल म्हणजे हिरडा. घसा बसला की आपण चघळतो तोच. तो पोत्यांनी विलायतेला जातो हे मला इथं आल्यावर कळलं. तिकडं हिरड्याच्या पाण्यात कातडी भिजत घालून त्यांचं चामडं करतात. साहेबाच्या बुटाला आपल्या डोंगरातलं झाड लागतं, ही गंमत मी महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मागच्या हंगामात मला गोदामाच्या दाराशी माल तपासायला बसवलं. मोठं काम वाटलं. जुन्नरहून पोती आली, त्यातलं एक लाल सुतळीनं शिवलेलं होतं. उसवलं तर वरच पळसाच्या पानात बांधलेली मूठभर हिरड्यांची पुडी. काळपट, जुने, आदल्या सालचे. मला वाटलं, सापडली चोरी! शिळा माल खपवतायत. मी पुडी केरात टाकली, पोत्यावर खडूनं फुली मारली, आणि मुनीमजींच्या टेबलावरचं एक पोस्टकार्ड घेऊन जुन्नरच्या व्यापाऱ्याला मोठ्या अक्षरांत लिहिलं, "जुना माल मिसळू नये." माझं अक्षर चांगलं आहे. ते कुणाला तरी दिसावं असं फार वाटायचं.

बोटीची घाई होती म्हणून मुनीमजींनी फुली पुसून पोती चढवली. गोष्ट तिथंच मिटली. केरातले ते हिरडे एका म्हाताऱ्या हमालानं उचलून माझ्या हातात दिले. म्हणाला, "फेकतोस काय, खोकतोस ना रातध्याड? ठेव डबीत." ते पत्र्याच्या डबीत भरून ठेवले आणि खोकला आला की एकेक चघळत गेलो.

यंदा जुन्नरहून एकही पोतं आलं नाही. शेठनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आणि माघ सरता सरता विलायतेहून पत्र आलं. मुनीमजी वाचून शेठना सांगत होते, आम्ही सगळे उभे होतो. त्यात असं होतं, की गेल्या वर्षी लाल सुतळीच्या पोत्यात वरची मूठ नव्हती. आमचा जुना फोरमन दरसाल आधी ती मूठ फोडून बघतो, मग बाकी माल न बघता आत घेतो. मूठ नाही म्हणजे पाठवणारा माणूस बदलला की काय? यंदा त्याच माणसाची साठ पोती मुठीसकट आली तर आपला व्यवहार पुढं चालेल. नाहीतर आम्ही दुसरं दार बघू.

"कसली मूठ?" शेठ म्हणाले. मुनीमजींनी खांदे उडवले. इतकी वर्षं पोती न उघडता पुढं जात होती, कुणाला काय माहीत. मला माहीत होतं. माझ्या खिशातल्या डबीत ती मूठ वाजत होती.

बोटीला वीस दिवस होते. जुन्नरला कुणाला पाठवायचं असं शेठ विचारतायत तोवर माझा हात वर गेलेला.

"तू का रे?"

"मला फिरायला आवडतं, शेठ."

खोटं नव्हतं. अर्धंच होतं.

तर प्रवास. बोरीबंदरहून सकाळची पुण्याची पॅसेंजर धरा. तिसऱ्या वर्गाला तीन-साडेतीन रुपयांत काम होतं. डाव्या खिडकीच्या भानगडीत पडू नका, घाटात दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. कर्जतला वडे घ्या, पण गाडी सुटायची शिट्टी होईपर्यंत सुट्या पैशांवरून वाद घालू नका. माझे दोन आणे तिथंच राहिले. पुण्याला उतरून एसटी गाठायची. जुन्नरची गाडी खेड, मंचर, नारायणगाव करत जाते. रस्ता नारायणगावपर्यंत बरा. पुढं हाडं मोजत जायचं.

गाडीत माझ्या शेजारी एक बाई हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशे, भाऱ्याचं तिकीट काढावं लागंल."

"काढ की. मग त्याला शीट दे बसायला."

"शीट कुठंय?"

"मंग तिकीट कशाचं मागतुस?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि डहाळी ओढून घाटे खात पुढं गेला. बाईंनी मलाही एक डहाळी दिली. "खा पावणं, तोंड उतरलंय तुमचं." तोंड उतरायचं कारण घाट्यांनी जाणारं नव्हतं, पण ओला हरभरा खाताना माणूस फार वेळ दुःखी राहू शकत नाही. मंचरच्या पुढं रस्त्याकडेच्या शेतांत कांदा होता, कुठं ज्वारी काढणीला आलेली. आमच्या माणदेशातून बघणाऱ्याला हे सगळं माजलेलं वाटतं. दिवस मावळायच्या आत शिवनेरीचा डोंगर दिसला आणि गाडी जुन्नरात शिरली.

ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना सगळं जुन्नर अमीनचाचा म्हणतं. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं सावकाश. हिरड्याचा व्यापार वडिलांपासूनचा. मी मुंबईहून आलो म्हटल्यावर रागावतील, दारातूनच वाटेला लावतील असं धरून चाललो होतो. त्यांनी आधी हातपाय धुवायला पाणी दिलं. मग बाजरीची भाकरी आणि खिमा. मी शेठचा निरोप सांगायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "आधी जेव. उपाशी माणसाचं बोलणं आणि उपाशी माणसाचं ऐकणं, दोनी खरं नसतं."

जुन्नरला जाणार असाल तर मुक्कामाची काळजी करू नका. धर्मशाळा आहे. लेण्याद्री आहे, ओझर जवळ आहे, लेणी तर डोंगराडोंगराला. मी यातलं काही पाहिलं नाही. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

जेवण झाल्यावर चाचांनी निरोप ऐकून घेतला, उठले, आणि कोनाड्यातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "जुना माल मिसळू नये." माझंच मोठ्ठं अक्षर.

"हे आलं मागल्या साली," ते म्हणाले. "तीस वर्षांत तुमच्या गोदामातनं असलं कागुद आलं नव्हतं. मी ते डोंगरात वाडीवर नेऊन वाचून दाखवलं. न दाखवून कसं चालंल? माल त्यांचा."

"मग?"

"मग काय. वाडीवरली चिमाबाई म्हणाली, चाचा, आता आमचा माल पाठवू नका. आमाला चोर म्हणणाऱ्याला आमचा हिरडा नाय."

"म्हणजे यंदा माल दुसऱ्याला गेला?"

"दुसरा एक व्यापारी दोनदा जाऊन आला. चढा भाव बोलला. दिला न्हाई. माल कणगीत पडून हाये."

"मग तुम्ही घ्या ना, चाचा! बोटीला अठरा दिवस राहिलेत."

"मी? मी नुसता मधला. त्यांचं अन् तुमचं जमलं तर मी हाये. न्हाई तर मी पण न्हाई." मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "उद्या चल. तू सांग त्यांना. कार्ड लिवणारा कोण व्हता, ठाऊक हाये का तुला?"

मी कार्डाकडे बघत राहिलो. खोकला आला तो करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घोडेगावची गाडी धरली. घोडेगावात एका खाणावळीत मासवडी खाल्ली. नावाला भुलू नका, त्यात मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर असा रस्सा की कानातून धूर निघावा. माझा खोकला अर्धा तास थांबला. चाचा म्हणाले, "डागदरला सांगू नको, त्याचं पोट हाये." तिथून बैलगाडीनं डिंभ्यावरून आंबेगाव. घोड नदीच्या काठाकाठानं वाट आहे, नदीला पाणी गुडघाभर आणि काचेसारखं. आंबेगावात त्या दिवशी बाजार होता. डोंगरातली माणसं मध, डिंक, सुपं घेऊन उतरलेली, आणि खालची मीठ, मिरची, कापड घेऊन आलेली. दोन आण्याची भेळ घेतली तर कागद फाटेस्तोवर भरून दिली. मुंबईत एवढ्यात शेवेच्या चारच काड्या येतात.

बाजारात चाचांना दहा पावलं सलग चालता येईना. कुणी सांगायचं, पोरीचं लगीन ठरलं, या. कुणी औषधाची चिठ्ठी दाखवायचा, वाचा म्हणून. एकानं तर बैलाचे दात बघायला ओढून नेलं. चाचा बैलाचे दात बघून म्हणाले, "मला हिरडा कळतो, बैल न्हाई." तो माणूस म्हणाला, "पण तुमी खोटं न्हाई सांगणार ना. बैलवाला सांगतो." मी भेळ खात हे बघत होतो आणि आतून बारीक होत होतो. शेठचं गोदाम, बोट, विलायतेचा कारखाना, हे सगळं या एका माणसाच्या खांद्यावरून पुढं जातं. आणि मी एका कार्डानं त्याच खांद्यावर धोंडा ठेवला होता.

आंबेगावापासून पुढं पायी. दीड-दोन तासांची चढण. पायात वहाण घट्ट असू द्या आणि पाणी खालूनच भरून घ्या. (वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा अंक कोण कोण वाचतं, सांगता येत नाही.) पळस फुललेला. अर्ध्या वाटेवर एक शेकरू झाडावरून आमच्याकडे बघून ओरडत होतं. शेपूट केवढं! खार म्हणावी तर मांजराएवढी. चाचा म्हणाले, "आपल्या मालातला पयला वाटा तिचा. ती कार्ड लिवत न्हाई."

मी हसलो नाही. त्यांनी ते बघितलं.

एका झाडाखाली दम खायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "हे बघ, वर गेल्यावर बाई इचारंल, मूठ कुणी टाकली. तू सांग, एक पारखी व्हता, त्याला शेठनं काढून टाकला. तिचं समाधान व्हईल. माल मिळंल. कुणाचं काही जात न्हाई."

वाट सोपी होती. मी मान डोलावली.

वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं, गवतानं शाकारलेली. भोवती हिरड्याची झाडं. आणि मधे एक मोठा काळा कातळ, ओटीसारखा सपाट. त्यावर हिरडा पसरलेला, पिवळसर-तपकिरी, आणि दोन बाया हातानं तो उलटापालटा करत होत्या. दिवसभर उन्हात ठेवायचा आणि ऊन कलायच्या आत गोळा करून झाकायचा. एका रात्रीचं दव पडलं तरी आत कीड धरते. हे मला तिथं कळलं. गोदामात वर्षभर हिरडा तपासत होतो आणि तो वाळवतात कसा ते ठाऊक नव्हतं.

चिमाबाई पन्नाशीच्या. महादेव कोळ्यांच्या त्या वाडीत शब्द त्यांचा चालतो. नवरा अण्णा शेजारी बसून दोरी वळत होते. आम्हाला घोंगडी टाकली, गुळाचा चहा आला. वाडीतली दहा-बारा माणसं कातळावर येऊन बसली. कुणी रागानं बोलत नव्हतं. त्यानंच मला घाम फुटला.

"मुंबईचं पावणं," चिमाबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब कशापाई आलात? कार्ड टाकायचं की."

बायका हसल्या. मी साठ पोत्यांचं, बोटीचं, विलायतेच्या पत्राचं सगळं सांगितलं. तिकडचा म्हातारा फोरमन मूठ फोडून बघतो हे ऐकल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"तो बघतो?" अण्णा म्हणाले. दोरी थांबली.

"दरसाल. आधी मूठ, मग माल."

"ऐकलं का गं," अण्णा बायकोला म्हणाले, "तिकडं कोणतरी बघत व्हतं."

मग चिमाबाईंनी सांगितलं. अमीनचाचांच्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत. आदल्या सालच्या मालातली मूठ पानात बांधून चुलीवरच्या माळ्याला टांगायची, आणि नव्या सालच्या एका पोत्यात वर ठेवून ते लाल सुतळीनं शिवायचं. हिरडा नीट वाळला असेल तर वर्षानं काळा पडतो पण किडत नाही. कच्चा वाळला तर वर्षात भोकं पडतात. "नवा माल कुणाचाबी गोरा दिसतो," त्या म्हणाल्या. "आमी कसा वाळवला ते जुनाच सांगतो. आणि तुमी त्यालाच शिळा म्हणला."

अण्णांनी दोरी बाजूला ठेवली.

"मूठ कुणी टाकली?" त्यांनी विचारलं.

मी चाचांकडे बघितलं. ते दाढी कुरवाळत झाडाकडे बघत होते.

"एक पारखी होता," मी सुरू केलं. "नवा होता. त्याला..." आणि खोकला आला. असा आला की पुढं शब्द फुटेना. सवयीनं हात खिशात गेला, डबी उघडली, हिरडा काढला. तोंडात घालणार तोच चिमाबाईंनी माझं मनगट धरलं. हिरडा घेतला. नाकाशी नेला.

"ह्याला चुलीचा वास हाये," त्या म्हणाल्या. "ह्यो आमच्या माळ्यावरचा. तुझ्याकडं कुठनं आला?"

अजूनही खोटं जमलं असतं. पारख्यानं दिला म्हणता आलं असतं. पण त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि ज्या हातानं ते कार्ड लिहिलं तोच तो हात होता.

"मीच तो पारखी," मी म्हणालो. "मूठ मी टाकली. कार्ड मी लिहिलं. शेठना अजून माहीत नाही. मला वाटलं तुम्ही फसवताय, आणि मला हुशारी दाखवायची होती."

कातळावरून हिरडा उलटा करायचा खळखळ आवाज तेवढा येत होता.

"डबीत किती हायेत?" चिमाबाईंनी विचारलं.

मी डबी त्यांच्या पदरात उपडी केली. हातातला धरून सात.

"सात? आमी तीस-पस्तीस घातलं व्हतं. बाकीचं?"

"खाल्ले. खोकल्यावर."

आधी अण्णा हसले. मग सगळा कातळ हसायला लागला. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, विलायतेच्या सायबाचा घास ह्यानं गिळला!" आणि कुणीतरी, "बरा झाला का रं खोकला तरी?" मीही हसलो. डोळ्याला पाणी कशानं आलं ते लिहीत नाही.

चिमाबाई हसल्या नव्हत्या. दगड घेऊन त्यांनी एक हिरडा कातळावर फोडला. आत बघितला, अण्णांना दाखवला, चाचांना दाखवला. दोन वर्षांचा माल, आणि एक भोक नाही. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, माझा चौथीचा निकाल लागला तेव्हा, आईच्या तोंडावर.

त्यांनी अर्धा तुकडा मला दिला, अर्धा चाचांना. चघळलो. जीभ टाळूला चिकटली, गाल आत गेले, बोलायची सोय राहिली नाही. मग त्यांनी तांब्या पुढं केला. हिरड्यावर पाणी पिऊन बघा कधी. साखर घातल्यासारखं लागतं.

"मागल्या साली आमी रागानं मूठ ठेवलीच नाय," त्या म्हणाल्या. "यंदा पोत्यात घालाया आमच्याकडं काय नव्हतं. म्हणून मी चाचांना सांगितलं, पाठवायचं नाय. मुठीबिगर कसा पाठवायचा? आता तूच घेऊन आलास." त्यांनी सहा हिरडे पळसाच्या ताज्या पानात बांधले. "भरा रं पोती."

चाचा तेव्हा हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "जुन्नरातच कळलं व्हतं मला. कार्ड बघून तुझं तोंड त्या कार्डावानीच पांढरं पडलं."

"मग खोटं का शिकवलंत?"

"मी वाट दाखवली बेटा. चालायचं का न्हाई ते तुझं तू बघायचं व्हतं. मला बी बघायचं व्हतं. तीस वर्षांचं काम हाये, कुणाच्या हातात चाललंय ते नको बघायला?"

पुढचे तीन दिवस वाडीवर राहिलो. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वरईचा भात. पैसे घेईनात. जाणार असाल तर पैशांऐवजी मीठ आणि चांगल्या सुया घेऊन जा, आनंदानं घेतात. दिवसा पोती भरायची, दाभणानं शिवायची. शेवटचं लाल सुतळीचं पोतं चिमाबाईंनी स्वतः शिवलं, मला हातही लावू दिला नाही. मग साठ पोती डोक्यावरून आंबेगावापर्यंत खाली. वाडीतली बायामाणसं दिवसाला दोन-दोन खेपा करत होती. मी पहिल्या दिवशी एक केली आणि घोड नदीत पाय सोडून बसलो, तर एक बाई भरल्या डोक्यानं जाता जाता म्हणाली, "भाऊ, कार्ड हलकं असतं न्हाई का?" दुसऱ्या दिवशी मीही दोन केल्या. मान महिनाभर दुखत होती. दुखेना का.

खाली बैलगाड्या, पुढं घोडेगावहून ट्रक. चाचा प्रत्येक ठिकाणी स्वतः हजर. गाडीवाल्यानं विचारलं, "चाचा, यवढी घाई कशाची?" तर म्हणाले, "विलायतेला एक म्हातारा वाट बघतोय." जणू शेजारच्या आळीतच राहतो. मला वाटतं, चाचांच्या लेखी तो शेजारच्याच आळीत राहतो.

निघताना चिमाबाईंनी यंदाच्या मालातून एक मूठ काढली. अर्धी पानात बांधून स्वतःच्या माळ्याला टांगली. अर्धी माझ्या हातात दिली.

"ही तुझ्या गोदामात टांग. पुढल्या हंगामाला घेऊन ये. दोनी एकत्र फोडून बघू. तुझ्याकडची किडली तर गोदामात वल हाये, माझ्याकडची किडली तर मी चुकले."

"मीच आणू?"

"मंग कोण? कार्ड टाकणार का?"

पुढल्या हंगामाला. म्हणजे वर्षानं. मी वर्षभर कुठं टिकत नाही हे त्यांना सांगायचं मनात आलं होतं. चाचा माझ्याकडे बघत होते. मी पुडी खिशात ठेवली, डबीत नाही, वरच्या खिशात.

मुंबईला आल्यावर आधी शेठकडे गेलो. पोती पोचलेली होती. सगळं सांगितलं. शेठनी अर्धा तास गुजराथीत सुनावलं, त्यातलं मला निम्मं कळलं आणि निम्मंच पुरेसं होतं. बोलून दमल्यावर पाणी प्यायले. म्हणाले, मुनीमजी, तुळईला एक खिळा ठोका. मूठ तिथं टांगली. लाल सुतळीचं पोतं कुणीही उसवायचं नाही, असं त्यांनी दारावर लिहून लावायला सांगितलं, आणि लिहायला मलाच बसवलं.

बोट गेली. तिच्या मागोमाग काळजीही गेली असं नाही. गेल्या आठवड्यात विलायतेहून पत्र आलं. साठ पोती मिळाली. फोरमननं मूठ फोडून बघितली आणि बाकी माल न बघता आत घेतला. पुढल्या वर्षीची मागणी सोबत आहे. खाली एक ओळ फोरमनची, वेगळ्या शाईत. मुनीमजींनी ती दोनदा वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तो विचारतोय, दरसाल मूठभर येत होते. यंदा सहाच का?"

मला खोकला आला. मुनीमजी म्हणाले, "उत्तर तू सांग, मी विंग्रजीत करतो." मी खरं तेच सांगितलं. ते पत्र आता समुद्रावर आहे. जुन्नरला चाचांनाही एक कार्ड टाकलं, की फोरमनचा निरोप वाडीवर वाचून दाखवा. या वेळी अक्षर बारीक काढलं.

पायांचं म्हणाल तर शिवशिवतात. परवाच एकानं कोचीनच्या गोदीत काम आहे म्हणून सांगितलं, पगार बरा आहे. मी म्हटलं, पुढल्या हंगामानंतर बघू. खोकला अजून आहे. तुळईला पुडी टांगलेली आहे, हात सहज पोचतो. मी खोकतो, वर बघतो, आणि जाऊन पाणी पितो.